बुसानचा 'बे'चा पाढा

बे एके बे, बे दुणे चार. हा पाढा आपण सगळ्यांनीच पाटी मांडीवर घेऊन घोकलेला. पण दक्षिण कोरियातल्या बुसान या बंदरात 'बे' म्हणजे पोट, 'बे' म्हणजे नाशपाती, 'बे' म्हणजे जहाज, आणि गंमत अशी की 'बे' म्हणजे दुप्पटसुद्धा! उच्चार अगदी आपल्या 'बे'सारखा नव्हे. ब आणि प यांच्या सांध्यावरून जीभ निसटावी, तसा काहीसा. पण आपल्या कानाला ऐकू येतो तो 'बे'च.

मी तिथे गेले ती २०२४ च्या ऑक्टोबरात, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला. खरं म्हणजे लेकीनं माहेरी यायचं ही आपली रीत. पण तिची नोकरी तिथल्या विद्यापीठात, आणि जावई समोरच्या गॉजे बेटावर जहाजं बांधायच्या कामावर. तेव्हा माहेरच डिंक, अळीव आणि बाळंतशेपा पिशवीत भरून बुसानला गेलं. लेकीनं माझ्यासाठी एक शंभरपानी वही तयार ठेवली होती. म्हणाली, "आई, यात नुसते शब्द नाहीत. शब्दांचे शेजारी आहेत. शेजारी ओळखलास की शब्द ओळखता येतो."

म्हणजे कसं, तर 'बे आफायो' म्हटलं की पोटच दुखतंय. नाशपाती दुखत नाही आणि जहाजही दुखत नाही. 'बे थायो' म्हटलं की जहाजात बसतोय. 'बे गोफायो' म्हणजे भूक लागली. आपलंच पाहा ना. 'नाव बुडालं' म्हटलं तर घराण्याची अब्रू गेली, आणि 'नाव बुडाली' म्हटलं तर नदीत माणसं गेली. आपल्याला शब्दाचं लिंग वाचवतं. कोरियन भाषेत लिंगाची भानगडच नाही. तिथे सगळी भिस्त क्रियापदावर, आणि तेही आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे समोरचा बोलत असताना शेवटपर्यंत कान देऊन थांबावंच लागतं. मधेच तोंड घालायची सवय असणाऱ्यांना ही भाषा चांगली वळण लावील!

पोटदुखीचा आणखी एक अर्थ ऐकून तर मी थक्क झाले. त्यांच्यात म्हण आहे की चुलतभावानं जमीन घेतली की 'बे' दुखतं. म्हणजे भाऊबंदांचं बरं झालं की पोटात दुखायचा रोग कोकणातच आहे असं नाही. कावळाही त्यांच्याकडे आपल्यासारखाच बदनाम आहे. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते. त्यांच्याकडे कावळा उडतो आणि नेमकी 'बे' पडते. इथली 'बे' कोणती, हे कावळ्यानंच सांगून टाकलं. झाडावरून जहाज थोडंच पडणार!

बुसानला गेलात आणि जागालचीचा मासळीबाजार पाहिला नाहीत, तर काही पाहिलं नाहीत. मी रत्नागिरीची. मासळीबाजारात मला परकं वाटणं शक्य नाही. कोरियातल्या युद्धानंतर कितीतरी बायकांनी इथे पाट्या मांडून संसार ओढले. आजही विकणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्यांना तिकडच्या बोलीत म्हणतात 'आजिमे'. बुसाननं बांगड्याला शहराचा मासा म्हणून मान दिला आहे. आपल्या बांगड्याचा थोरला भाऊ शोभावा असा तो तुकतुकीत, निळ्या-हिरव्या पाठीचा. तो विकतात 'सोन'वर. 'सोन' म्हणजे हात, 'सोन' म्हणजे पाहुणाही, पण बांगड्यापुढे 'हान सोन', म्हणजे एक 'सोन', म्हटलं की दोन मासे: एक मोठा, आणि त्याच्या पोटात सरकवलेला एक लहान. आपण मेथीची जुडी, लसणीचा गड्डा, माशांचा वाटा म्हणतो, तशीच ही मापं. पण त्यांच्याकडे मापाशिवाय पान हलत नाही. फळ मोजायचं तर 'गे', जहाज मोजायचं तर 'छॉक'. 'बे'पुढे 'गे' आलं की नाशपाती, 'छॉक' आलं की जहाज. 'छा' म्हणजे चहा आणि 'छा' म्हणजे मोटारसुद्धा. पण 'हान जान' म्हटलं की एक कप, 'हान दे' म्हटलं की एक गाडी. कोणी तुम्हाला 'छा' देऊ केला तर कपाची वाट पाहा, किल्लीची नको.

नाशपातीच्या गाड्यापुढे एक वाक्य नेहमी ऐकू यायचं: 'क्काक्का जुसेयो'. याचा अर्थ सोलून द्या, आणि याचाच अर्थ भाव कमी करा. केस कापणं, पेन्सिलीला टोक काढणं, यालाही तेच क्रियापद. सुरी हातात असलेल्या बाईला म्हटलं तर साल उतरायची, आणि पैसे मोजता मोजता म्हटलं तर किंमत. एका आजिमेनं लेकीच्या पोटाकडे पाहून दोन्ही केलं!

एकाच उच्चाराचे इतके शब्द या भाषेत आले कुठून, असा प्रश्न पडतोच. लेकीनं समजावून सांगितलं ते असं. त्यांचे अर्ध्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे. चिनी भाषेत सुरावर अर्थ ठरतो: चढा सूर, उतरता सूर. कोरियात येताना शब्द आले, पण ते सूर वाटेतच गळाले, आणि वेगवेगळे शब्द एकाच आवाजाचे झाले. पूर्वी लिहायचे चिनी चित्राक्षरांत, तेव्हा निदान कागदावर फरक दिसे. मग सेजोंग राजानं १४४३ मध्ये सामान्य माणसासाठी सोपी अक्षरं घडवली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. किती सोपी, तर माझ्यासारखीनं दुपारच्या चार निजा मोडून ती लावली. पण या अक्षरांत जसं ऐकू येतं तसंच दिसतं. त्यामुळे 'उन्हेंग' म्हणजे बँक आणि 'उन्हेंग' म्हणजे गिंको नावाचं झाड, हे वाचूनही कळायचं नाही. शरद ऋतूत रस्त्याकडेची ही झाडं पिवळीधमक होतात, आणि त्यांची फळं फुटपाथवर फुटली की असा काही वास सुटतो की नाकाला पदर लावावा. जावई म्हणाला, "पैसे ठेवायचे ते उन्हेंग कोणतं, हे नाकच सांगतं."

काही शब्दांत पूर्वी ऱ्हस्व-दीर्घाचा फरक होता. आखूड 'नुन' म्हणजे डोळा, लांबवलेला 'नून' म्हणजे बर्फ. आखूड 'बाम' म्हणजे रात्र, लांब 'बाम' म्हणजे चेस्टनट, ज्याच्या भाजक्या बिया थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर विकतात. आता सेऊलकडची तरुण मंडळी हा फरक करत नाहीत. आपण तरी 'दिन' आणि 'दीन' बोलताना कुठे वेगळे करतो? मार्क कापले जायचे ते शुद्धलेखनात! बुसानची बोली मात्र अजून सूर राखून आहे. 'माल' म्हणजे घोडा आणि 'माल' म्हणजे बोलणं. घोडा चढ्या सुरात, बोलणं खालच्या. आणि 'गा गा गा गा?' असं कोणी विचारलं तर कावळ्यांची शाळा भरली असं समजू नका. 'ती पोर म्हणजे हीच का?' असा त्याचा अर्थ.

हे वाक्य मी प्रथम ऐकलं ते शेजारच्या आजींकडून. आजीला तिकडे हालमॉनी म्हणतात. वय एकोणऐंशी, पाठ जरा वाकलेली, पण जिना चढण्यात माझ्या पुढे. लेकीला त्या 'सेदेक' म्हणत, म्हणजे घरात आलेली नवी नवरी. रोज सकाळी दार उघडलं की त्यांचा पहिला प्रश्न: 'बाम मुन्ना?' जेवलीस का? एरवी हा शब्द 'बाप'. बाप म्हणजे शिजवलेला भात, आणि बाप म्हणजे जेवणही. आपण 'भाकरी' म्हणतो तेव्हा पोटापाण्याचं सगळंच त्यात येतं ना, तसं. पण पुढे म आला की बापाचा प नाकात जातो आणि 'बाम' होतं. रात्रीला आणि चेस्टनटलाही तोच उच्चार, तरी कोणाचा गोंधळ होत नाही. जेवलीस का विचारणाऱ्याच्या डोळ्यांतच सगळं असतं.

लेकीनं एकदा त्यांना सहज सांगितलं की आमच्या भाषेत 'बाप' म्हणजे वडील. हालमॉनी आधी खळखळून हसल्या. मग गप्प झाल्या, आणि म्हणाल्या, "माझे दोन्ही एकदमच गेले."

त्यांचं गाव उत्तरेकडचं, आजच्या उत्तर कोरियातलं. १९५० च्या डिसेंबरात युद्धाची फळी मागे सरकली तेव्हा हंगनाम बंदरातून सुमारे एक लाख माणसांना जहाजांतून दक्षिणेत आणलं. त्या गर्दीत पाच वर्षांची ही पोर आईचा हात धरून होती. वडील मागून येतो म्हणाले. त्याच वेळी हंगनामहून निघालेल्या 'मेरेडिथ व्हिक्टरी' नावाच्या मालवाहू बोटीची गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मालासाठी बांधलेल्या त्या बोटीत चौदा हजार माणसं उभी राहून आली, आणि नाताळच्या दिवशी गॉजे बेटाला लागेपर्यंत तिच्यात पाच बाळं जन्मली. औषध नाही, उजेड नाही, ऊब नाही. त्या पाच बायांचं कोणी काय केलं असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. लेकीचे दिवस भरत आलेले, आणि जावई कामावर जात होता तो त्याच बेटावर.

बुसानमध्ये योंगदो नावाचा पूल आहे. १९३४ साली झाला तेव्हा जहाजं जाण्यासाठी त्याचा एक भाग वर उचलला जाई. १९६६ मध्ये ते थांबलं आणि २०१३ पासून पुन्हा सुरू झालं. युद्धात ताटातूट होताना माणसं एकमेकांना सांगत, चुकामूक झाली तर योंगदोच्या पुलाशी भेटू. कारण बुसानची दुसरी कुठलीच खूण परगावच्या माणसाला माहीत नव्हती. पुलाखाली ज्योतिषांची एक गल्लीच बसली. वाट पाहून थकलेली माणसं त्यांना विचारत: आमचा माणूस जिवंत आहे का? हालमॉनींची आई त्या पुलाशी किती हिवाळे जात होती, ते त्यांनी मोजलं नाही.

पुलाला म्हणतात 'दारी', आणि पायालाही 'दारीच'. दारी ओलांडली तर पूल, दारी दुखली तर पाय. आपण पोरांना चिडवतो ना, तुला बोहारणीकडून जुन्या लुगड्यावर घेतलंय म्हणून? तिकडे म्हणतात, तुला दारीखालून उचलून आणलंय. बुसानच्या पोरांना वाटतं योंगदोच्या पुलाखालून, आणि मोठी माणसं गालात हसतात, कारण दुसरी 'दारी' त्यांच्या मनात असते. खरं तर मूल तिथूनच येतं की! हालमॉनी मात्र लहानपणी हे ऐकून पुलाखाली जाऊन पाहून आल्या होत्या. पोरं सापडतात, तर वडीलही सापडतील म्हणून.

नोव्हेंबर उजाडला तशी त्यांच्या घरात वेगळीच गडबड. नातवाची विद्यापीठप्रवेशाची परीक्षा १४ तारखेला. या परीक्षेचं तिथे एवढं प्रस्थ की इंग्रजी ऐकण्याच्या प्रश्नांच्या वेळी विमानंसुद्धा चढू-उतरू देत नाहीत. परीक्षेआधी मुलांना चिकट तांदळाच्या मिठाया देतात, कारण 'बुत्ता' म्हणजे चिकटणं आणि 'बुत्ता' म्हणजे परीक्षा पास होणं. आपणही 'पोरगा नोकरीला चिकटला' म्हणतोच! उलट एक पदार्थ घरात वर्ज्य: 'मियॉक' या समुद्री शेवाळाचं सूप, 'मियॉकगुक'. ते बुळबुळीत; म्हणून 'मियॉकगुक खाल्लं' म्हणजे घसरला, नापास झाला. आणि हेच मियॉकगुक बाळंतिणीचं पहिलं अन्न! अंगावर दूध यावं, ताकद भरून यावी म्हणून ती दिवसातून तीनदा पिते, आणि पुढे प्रत्येक वाढदिवसाला माणूस ते खातो, आईची आठवण म्हणून. तेव्हा वाढदिवसाला 'मियॉकगुक खाल्लंस का?' हा प्रेमाचा प्रश्न, आणि निकालाच्या दिवशी तोच प्रश्न म्हणजे जखमेवर मीठ.

हालमॉनींची पंचाईत ही की घरात परीक्षा आणि शेजारी बाळंतीण. त्यांनी गिजांगहून हातभर लांब वाळलेलं मियॉक आणलं. गिजांग बुसानच्याच कडेला, तिथलं शेवाळ नावाजलेलं. बाळंतपणाचं मियॉक मोडायचं किंवा दुमडायचं नाही, आणि विकत घेताना 'क्काक्का जुसेयो' म्हणायचं नाही. भाव कापला तर बाळाच्या आयुष्याला कात्री लागते, असं मानतात. ते आख्खं भेंडोळं परीक्षा होईपर्यंत आमच्या घरी कपाटावर राहिलं.

परीक्षा झाली आणि पाचव्या रात्री लेकीला कळा सुरू झाल्या. जावई रात्रपाळीला गॉजेवर. पूर्वी तिकडून बोटीनं, नाहीतर गाडीनं लांबचा वळसा घालून यावं लागे. २०१० च्या डिसेंबरात ८.२ किलोमीटरचा पूल आणि समुद्राखालचा बोगदा झाला, म्हणून तो गाडी काढून थेट निघू शकला. तो येईपर्यंत दवाखान्यात मी एकटी, आणि हातात ती वही.

वहीच्या एका पानावर लेकीनं लाल शाईनं लिहिलेलं होतं: 'जिनथोंग' म्हणजे बाळंतपणाच्या कळा. आणि 'जिनथोंग' म्हणजेच वेदना शमवणं. विचार करा, कळ आणि कळ थांबवणं, दोघांना एकच शब्द! चिनी अक्षरं वेगळी, आवाज तोच. खाली लिहिलं होतं: 'शेपटाला जे आला, जिनथोंग-जे, तर औषध. आली, येतेय असं म्हणाले तर कळा.' परिचारिका आत-बाहेर करत होत्या आणि दर वाक्यात जिनथोंग. मी सगळं सोडून फक्त शेपूट ऐकत होते. 'ओ बुन,' एक म्हणाली. वहीत तेही होतं. 'बुन' म्हणजे मिनिट आणि 'बुन' म्हणजे आदरानं मोजलेलं माणूस. त्यांच्याकडे आकड्यांच्या दोन जाती, एक घरची आणि एक चिनी. मिनिटांना चिनी, माणसांना घरची. पाच माणसं असती तर 'दासॉत बुन' म्हणाली असती. 'ओ बुन' म्हणजे कळा पाच मिनिटांवर आल्या. मी उठून आत गेले आणि लेकीची पाठ चोळायला लागले. त्यासाठी कुठलीच भाषा लागत नाही.

पहाटे मुलगी झाली. जावई दहा मिनिटं आधी पोचला होता.

दुपारी हालमॉनी डबा घेऊन हजर. मियॉकगुक उकळतं, वाफाळतं. आधी स्वतः चमचाभर चाखून म्हणाल्या, 'शिवनहादा!' याचा अर्थ थंडगार. पण घोटभर गरम सूप पोटात उतरून जीव गार झाला की तिकडची म्हातारी माणसं असंच म्हणतात. मग बाळाकडे पाहून म्हणाल्या, 'उरी एगी', आमचं बाळ. 'उरी' म्हणजे 'आमचं', आणि गुरांच्या गोठ्यालाही 'उरी'च. माझं म्हणायच्या जागी ते सर्रास आमचं म्हणतात. बायका नवऱ्यालासुद्धा 'आमचा नवरा' म्हणतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण 'आमचे हे' म्हणणाऱ्या आपण कोण हसणार! तरी हालमॉनींच्या त्या शब्दात मला जरा जास्त ऐकू आलं. कोरियात मुलं फार कमी जन्मतात. २०२३ मध्ये दर बाईमागे सरासरी ०.७२ मूल, म्हणजे एकसुद्धा नाही. आमच्या त्या इमारतीत त्या वर्षातलं ते एकच बाळ. महिनाभर पायऱ्यांवर कोणी ना कोणी थांबून 'उरी एगी' कशी आहे विचारी, आणि नातवाच्या निकालापेक्षा तिच्या वजनाची चौकशी जास्त व्हायची. नातू चिकटला, हेही सांगून टाकते.

थंडीत लेकीला खोकला झाला तेव्हा हालमॉनींनी केलेला उपाय इथे देते, म्हणजे 'बे' एकदा आपल्या स्वयंपाकघरातही येईल. त्याला 'बेसुक' म्हणतात. नाशपातीचा वरचा भाग झाकणासारखा कापून ठेवावा. आतला बियांचा भाग चमच्यानं कोरून काढावा, तळ फुटू देऊ नये. पोकळीत दोन चमचे मध आणि आल्याच्या पातळ चकत्या घालाव्यात, असल्यास एखादं खारकेसारखं वाळलेलं लाल बोर. झाकण लावून वाटीत बसवून, मोदकपात्रात मऊ होईपर्यंत उकडावं आणि रसासकट गरम खावं. तिकडची नाशपाती नारळाएवढी. आपली लहान, म्हणून माणशी दोन घ्याव्यात. बाळाला मात्र यातलं मधाचं बोट लावू नका, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही असं तिथले डॉक्टरही बजावतात आणि आपलेही.